लॅप स्टील गिटारला ‘बेंडर’ का लागतो?

जुन्या हिंदी गाण्यांच्या फक्त गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्ड ऐकल्या असतील, तर व्हॅन शिपली आणि एस. हजारा सिंग ही नावं कानावर आली असतील. गाणाऱ्याच्या गळ्यासारखी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती गिटार म्हणजे आपल्याकडची ‘हवाईयन गिटार’. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या तिच्या इलेक्ट्रिक प्रकाराला लॅप स्टील म्हणतात.

आता अमेरिकेतलं एखादं कंट्री गाणं ऐका. तिथल्या स्टील गिटारमध्ये दोन-तीन तारा एकदम वाजतात, त्यातला एकच स्वर हळूच वर चढतो आणि बाकीचे जागचे हलत नाहीत. दोन्ही वाद्यं एकाच घराण्यातली, मग हा फरक येतो कुठून?

अडचण बारची आहे

साध्या गिटारवर डाव्या हाताची बोटं वेगवेगळ्या तारा वेगवेगळ्या पडद्यांवर दाबतात. लॅप स्टीलवर बोटांऐवजी एक गुळगुळीत, जड स्टीलचा बार तारांवर टेकवून सरकवला जातो. ही पद्धत १९व्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचं श्रेय साधारणपणे ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला दिलं जातं. १९१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेडच पसरलं.

बारमुळे मींड अफाट सुंदर येते. पण बार सरळ असतो, त्यामुळे तो सगळ्या तारा एकाच अंतराने वर किंवा खाली नेतो. दोन तारांमधलं नातं बारच्या जागेनुसार बदलत नाही. हे नातं ठरतं तारा जुळवतानाच, म्हणजे ट्युनिंगमध्ये.

उदाहरणार्थ, ‘ओपन जी’ हे लोकप्रिय ट्युनिंग घ्या. जी हा स्वर ‘सा’ मानला, तर त्याच्या एका प्रकारात सहा तारा ‘सा ग प सा ग प’ अशा लागतात. ‘सा ग प’ म्हणजे मेजर कॉर्ड. बार पाचव्या पडद्यावर ठेवला की मध्यमाचा मेजर कॉर्ड मिळतो, सातव्यावर पंचमाचा. गाण्याला मायनर कॉर्ड हवा असेल तर? त्याला कोमल गंधार लागतो आणि तो या मांडणीत कुठेच नाही.

वादक यातून पळवाटा काढतात. बेस वाजवणाऱ्याने ‘ध’ धरला आणि स्टीलवर फक्त ‘सा’ आणि ‘ग’ वाजवले, तर ऐकणाऱ्याला मायनर कॉर्डच ऐकू येतो. कुणी बार तिरका धरून दोन तारांवर दोन वेगळे पडदे गाठतं. ते जमायला मात्र वर्षं जातात, कारण वर जाल तसे पडदे जवळ येतात आणि तिरकेपणा दर वेळी बदलावा लागतो. कुणी बारच्या मागची तार बोटाने ओढतं. बेंडरचं हे सगळ्यात जुनं आणि फुकट रूप म्हणता येईल.

एक तार वाढवा, दुसरी सोडा

दुसरा उपाय म्हणजे ट्युनिंगच बदलणं. जेरी बर्ड या वादकाच्या नावाशी जोडलं गेलेलं ‘सी सिक्स्थ’ ट्युनिंग ‘सा ग प ध सा ग’ असं असतं. खालच्या तीन तारांवर ‘सा ग प’ हा मेजर कॉर्ड आणि वरच्या तीन तारांवर ‘ध सा ग’ हा मायनर कॉर्ड. एकाच सरळ बारमध्ये दोन्ही! म्हणूनच जॅझकडे झुकणाऱ्या आणि जुन्या हवाईयन गाण्यांना ते छान बसतं.

पण इथे ‘कोमल नी’ नाही आणि ब्लूजचं त्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे प्रत्येक ट्युनिंग काहीतरी देतं आणि काहीतरी काढून घेतं. यामुळेच जुने वादक दोन किंवा तीन नेकच्या गिटारी वापरायचे. एका नेकवर एक ट्युनिंग, दुसऱ्यावर दुसरं.

बेंडर नेमकं काय करतो?

बेंडर म्हणजे ब्रिजजवळ बसवलेली छोटी लिव्हर. तळहाताने ती दाबली की ठरावीक एकच तार ठरावीक अंतराने ताणली जाते. सोडली की तार मूळ जागी. डुझेनबर्ग या जर्मन कंपनीचा ‘मल्टिबेंडर’ यातला माहितीतला प्रकार.

आपल्या ‘ओपन जी’वर दोन लिव्हर बसवू. पहिली ‘ग’ला अर्धा स्वर चढवून ‘म’ करते, दुसरी ‘प’ला पूर्ण स्वर चढवून ‘ध’. फक्त दुसरी दाबली की ‘सा ग ध’ मिळतं, म्हणजे हवा असलेला मायनर कॉर्ड. दोन्ही दाबल्या की ‘सा म ध’, म्हणजे मध्यमाचा मेजर कॉर्ड. बार तसूभरही न हलवता तीन कॉर्ड झाले. ‘सी सिक्स्थ’मध्ये ‘ध’ची तार अर्धा स्वर चढवली की कोमल नी हजर.

खरी मजा कॉर्डच्या संख्येत नाही. ‘सा’ वाजत असताना त्याच्या शेजारी ‘ग’ सावकाश ‘म’ होतो, ती हालचाल ऐकण्यासारखी असते. १९५४मध्ये गाजलेल्या वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने हेच पायाच्या पेडलने केलं. पेडल त्याआधीही होती. आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि नॅशव्हिलच्या स्टीलवादकांना पेडल घेण्यावाचून पर्याय उरला नाही. तिथून पेडल स्टील हे वेगळं वाद्य म्हणून पुढे गेलं. पायावर उभं राहणारं, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हर असलेलं, जड आणि महाग.

बेंडर लावलेली लॅप स्टील ही या दोघांमधली तडजोड आहे. एका हाताने उचलता येते, पण उजव्या हाताला तारा छेडणं आणि लिव्हर दाबणं ही दोन्ही कामं एकत्र करावी लागतात. लिव्हर किती दाबल्यावर थांबावी हे स्क्रूने अचूक बसवावं लागतं. एक तार ताणली की इतर तारा किंचित उतरू शकतात, हे वेगळंच. तारांची जाडीही ट्युनिंगनुसार निवडावी लागते. साध्या गिटारचा संच तसाच ठेवून ‘ओपन ए’ लावायचं, तर तीन तारा एकेक स्वर वर ओढाव्या लागतात आणि त्यांच्यावर ताण येतो. ‘ओपन जी’च्या दुसऱ्या एका प्रकारात उलट तीन तारा उतरवायच्या असतात. घरातल्या जुन्या गिटारवर प्रयोग करणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात केलेली बरी.

मग मोहन वीणेला बेंडर का नाही?

ब्रिजभूषण काब्रा यांनी ही गिटार रागसंगीतात आणली. पुढे विश्वमोहन भट यांच्या मोहन वीणेला १९९४मध्ये राय कूडरसोबतच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. या परंपरेत तारा वाढल्या, चिकारी आली, तरफा आल्या, पण लिव्हरची गरज पडली नाही. कारण रागाला कॉर्ड बदलायचे नसतात. बार मुख्य तारेवर फिरतो आणि चिकारीच्या तारा त्याच्या बाहेर मोकळ्या वाजतात. एक स्वर हलणार आणि बाकीचे स्थिर राहणार, हे तिथे आपोआपच होतं.