उभ्या दोन दारांचा फ्रीज : बिघाड कोणता आणि बिल कशाचे?

गेल्या काही वर्षांत नोकरदार कुटुंबांच्या घरांत एक भली मोठी वस्तू येऊन उभी राहिली आहे. कपाटासारखी दोन उभी दारे, डाव्या हाताला फ्रीजर आणि उजव्या हाताला फ्रीज. दुकानदार तिला साइड-बाय-साइड म्हणतो. किंमत साठ-सत्तर हजारांपासून लाखाच्या पुढे जाते आणि बहुतेक घरांत ती हप्त्यांवर आलेली असते. हप्ते फिटण्याच्या आधीच ती बिघडली, तर घरातील बाईच्या जिवाला घोर लागतो. आठवड्याची भाजी, मुलांचे दूध, म्हाताऱ्यांची औषधे सगळे आत असते आणि दारात मेकॅनिक उभा राहून वीस हजारांचा आकडा सांगत असतो.

आम्ही काही सहकारी नागपुरात रविवारी वस्तीतील लोकांचे अर्ज आणि तक्रारी लिहून देण्याचे काम करतो. आमचा पेशा कारकुनाचा, यंत्राचे शिक्षण आमच्यापैकी कोणाचेही नाही. पण बिल वाचण्याची सवय आहे. फ्रीजच्या दुरुस्तीची बिले आमच्याकडे इतकी येऊ लागली की, अखेर हे यंत्र चालते कसे हे आम्हाला समजून घ्यावे लागले. वाचक भगिनींनीही ते समजून घ्यावे. ते अवघड मुळीच नाही.

थंडी तयार होते कुठे?

या फ्रीजला दोन दारे असली तरी बहुतेक मॉडेलांत थंडी तयार करणारी नळ्यांची जाळी एकच असते. ती फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड बसवलेली असते. एक पंखा तिथली थंड हवा फ्रीजरमध्ये फेकतो. त्याच हवेतला थोडा भाग एका झडपेतून उजवीकडच्या फ्रीजमध्ये जातो. म्हणजे फ्रीजची बाजू ही फ्रीजरच्या उसन्या थंडीवर जगते. (काही महागड्या मॉडेलांत दोन्ही बाजूंना वेगळ्या जाळ्या असतात, ते माहितीपुस्तकात दिलेले असते.)

या जाळीवर हवेतल्या ओलाव्याचे बर्फ साचते. ते वितळवण्यासाठी जाळीखाली एक हीटर असतो. तो ठरावीक काळाने आपोआप चालू होतो, बर्फाचे पाणी होते आणि ते एका बारीक नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या ताटलीत जाऊन उष्णतेने उडून जाते. आपल्याला बर्फ खरवडावे लागत नाही ते यामुळेच. एवढे ध्यानात ठेवले की निम्म्या बिघाडांचा उलगडा घरबसल्या होतो.

सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी : फ्रीजरमध्ये बर्फ आहे, पण उजवीकडे दूध नासते. आमच्या ओळखीतील एका विधवा भगिनीच्या घरी ऐन मे महिन्यात हेच झाले. घरात सासूबाईंचे इन्सुलिन ठेवलेले. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निदान केले, "गॅस संपला, कॉम्प्रेसरही कमजोर आहे, अठरा हजार लागतील." ताई ते पैसे उसने मागायला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना एकच गोष्ट विचारली, फ्रीजरमधले बर्फ दगडासारखे घट्ट आहे का? त्या म्हणाल्या, "भाऊ, चाकूने फुटत नाही एवढं आहे." मग गॅस संपला कसा?

त्यांना सांगून फ्रीज रिकामा करवला, प्लग काढला आणि दोन्ही दारे चोवीस तास उघडी ठेवली. खाली जुन्या गोधड्या अंथरल्या. इन्सुलिन शेजारच्या फ्रीजमध्ये गेले. चार-पाच तासांत बाहेरून सगळे कोरडे दिसते, पण भिंतीआडचे बर्फ वितळायला पुरा दिवस लागतो, हे लक्षात असावे. दुसऱ्या दिवशी फ्रीज चालू केल्यावर दोन्ही बाजू उत्तम थंड झाल्या. सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा उजवी बाजू गरम होऊ लागली. आता निदान स्पष्ट होते. गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक नसते, तर ते सहा दिवस चाललेच नसते. बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडली होती, त्यामुळे जाळी बर्फाने गच्च भरून हवेची वाट अडत होती. कंपनीच्या माणसाला बोलावून हेच लेखी सांगितले. हीटर बदलला गेला आणि सगळा खर्च अडीच हजारांच्या आत आटोपला.

प्रत्येक वेळी हीटरच असतो असे नाही. बर्फ ओळखणारा सेन्सर, पंखा किंवा मघाची झडप यांपैकीही काही अडलेले असू शकते. फ्रीजरचे दार उघडून दाराची कळ बोटाने दाबून धरावी. पंख्याचा आवाज यायला हवा. (दाराची कळ सर्व मॉडेलांत नसते आणि नेमके बर्फ वितळत असेल, तर पंखा थांबलेला असतो. म्हणून तासाभराने पुन्हा ऐकावे.) आवाज येत नसेल, तर मेकॅनिकला तेच सांगावे. मागचे झाकण त्याने उघडले की आपणही वाकून पाहावे. जाळी वरपासून खालपर्यंत बर्फाने माखलेली असेल, तर दोष बर्फ वितळवण्याचा. फक्त एका टोकाच्या नळ्यांवर बर्फ आणि बाकीच्या कोरड्या असतील, तर गॅस कमी आहे हे खरे मानावे.

गॅसची गोष्ट

गॅस हा काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो आणि नळी फुटली नाही, तर फ्रीजच्या आयुष्यभर पुरतो. म्हणून कोणी "गॅस संपला" म्हणाला की उलट विचारावे, "गळती कुठे आहे?" गळती शोधून, ती जोडून मग गॅस भरला तर ती दुरुस्ती. नुसता गॅस भरून गेला, तर दोन-चार महिन्यांत तोच माणूस पुन्हा दारात येणार आणि पुन्हा तेवढेच पैसे घेणार.

आणखी एक. जुन्या फ्रीजमधला गॅस पृथ्वीच्या ओझोन थराला घातक होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने तो जगभर टप्प्याटप्प्याने बंद झाला. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला निरुपद्रवी आहे, पण ज्वालाग्राही आहे. आत साचलेले बर्फ सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खोदू नये. नळीला भोक पडले की फ्रीजही गेला आणि धोकाही ओढवला. आपल्या फ्रीजमध्ये कोणता गॅस आहे हे आतल्या किंवा मागच्या पट्टीवर छापलेले असते. मेकॅनिक तोच भरतो का, हे विचारायला लाजू नये.

पाणी फ्रीजच्या आत, भाजीच्या खणाखाली किंवा फ्रीजरच्या तळाशी बर्फाच्या लादीसारखे साचत असेल, तर ती बारीक नळी तुंबलेली असते. भाजीचा काडीकचरा आणि पिशव्यांचे तुकडे तिथे जाऊन बसतात. प्लग काढून, बर्फ वितळू देऊन, सिरिंजने कोमट पाणी सोडले की बहुधा वाट मोकळी होते. या कामासाठी तीनशे-चारशे रुपये देण्याचे कारण नाही.

दोन्ही बाजू गरम झाल्या तर?

आधी साध्या गोष्टी पाहाव्या. प्लगला वीज आहे का, दुसरे उपकरण लावून बघावे. आतला दिवा लागतो, पंखाही फिरतो पण थंडी नाही, असे नव्या फ्रीजचे असेल, तर तो दुकानातल्या प्रदर्शनाच्या अवस्थेत, म्हणजे डेमो मोडमध्ये राहिलेला असू शकतो. तो कसा काढायचा हे माहितीपुस्तकात असते. घरातल्या लहानग्याने बाहेरची बटणे दाबून सुट्टीची सेटिंग लावली असेल, तर तीही पाहावी. एवढे सगळे पाहून झाले आणि कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी "टक्" करून थांबत असेल, तर मात्र माणूस बोलवावा. मागचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा धक्का बसण्याइतका साठा काही काळ राहतो.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक फ्रीज ज्या 'टी' वर्गात मोडतात, ते भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत चालावेत असे बनवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे नवतपात बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या स्वयंपाकघरात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी फ्रीज अखंड चालत राहिला, तर तो बिघाड समजू नये. त्याला श्वास घ्यायला जागा द्यावी. मागे आणि दोन्ही बाजूंना निदान दोन-तीन इंच, वर त्याहून थोडी जास्त. फ्रीजवर गाद्या, पिशव्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवण्याची आपली जुनी सवय इथे महागात पडते. शेगडीला लागून तर ठेवूच नये. कूलरची ओली हवा थेट फ्रीजवर येत असेल, तर दारांवर पाणी सुटते आणि दार उघडताच तोच ओलावा आत जाऊन बर्फ होतो. गरम झालेली जाळी मागे किंवा खाली उघडी असेल, तर वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी. पुष्कळ नव्या फ्रीजमध्ये ती जाळी बाजूच्या पत्र्यांआड असते. त्यामुळे बाजू गरम लागतात आणि दोन दारांमधली पट्टीही कोमट असते. तो दोष नव्हे. "करंट उतरतोय" म्हणून घाबरून आलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. झिणझिण्या आल्या तरच अर्थिंग तपासून घ्यावे, आणि मग मात्र त्याच दिवशी.

दारे हा या फ्रीजचा दुबळा भाग आहे. उंच दार, त्यात पाण्याच्या बाटल्यांचे ओझे, त्यामुळे ते खाली झुकते आणि रबर नीट बसत नाही. दार आणि चौकट यांच्यात दहाची नोट धरून दार लावावे. नोट सहज निसटली, तर तिथून थंडी जाते आहे. रबर कोमट साबणपाण्याने पुसावे. तेलकट काळा थर बसला की ते चिकटत नाही. पुढचे पाय किंचित उंच केले की दार आपसूक मिटते. दोन दारे वरखाली दिसत असतील, तर फरशी सपाट नाही असे समजावे आणि पाय फिरवून जुळवावे. पान्याने होणारे काम आहे.

दारातून पाणी देणारा नळ असेल, तर त्याचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. पाण्याची टाकी हाताने भरायची असेल, तर ती आठवड्याला धुवावी. आमच्या मते माठ असलेल्या घरात हा नळ म्हणजे हौसच आहे.

तापमान, वीज आणि औषधे

फ्रीजची बाजू ३ ते ४ अंश आणि फ्रीजर उणे १८ अंश असावा. दारावरच्या आकड्यावर विसंबू नये. दोनशे-तीनशे रुपयांचा थर्मामीटर पेलाभर पाण्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी पाहावा. ५ अंशांच्या वर जंतू झपाट्याने वाढतात. मटण-मासळी, शिजवलेला भात यांना ते पोटदुखीचे निमंत्रण आहे. आतले हवेचे झरोके डब्यांनी झाकू नयेत, नाहीतर एका कप्प्यात काकडी गोठते आणि दुसऱ्यात दूध फाटते.

वीज गेली, तर दार उघडून "किती थंड आहे" हे पाहत बसू नये. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास आणि गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत थंडी धरतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र हा हिशेब कमीच धरावा. वीज आल्यावर साध्या कॉम्प्रेसरचा फ्रीज पाच मिनिटे थांबून चालू करावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाल्याला स्टॅबिलायझर लागतो की नाही, हे माहितीपुस्तक सांगते. ज्या वस्तीत रात्री दिवे मिणमिणतात आणि पहाटे फटफटीत होतात, तिथे तो लावलेला बरा. बोर्ड जळाल्याचा खर्च स्टॅबिलायझरच्या किमतीहून जास्त येतो.

न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि ते गोठले की फेकूनच द्यावे लागते, पुन्हा वितळवून चालत नाही. या फ्रीजमध्ये झडपेसमोरची हवा अतिशय थंड असते. म्हणून इन्सुलिन डब्यात घालून मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून आणि झरोक्यापासून दूर ठेवावे. मघाच्या ताईंच्या घरी आता त्या डब्यातच थर्मामीटर असतो.

शेवटी कागदांविषयी. "कॉम्प्रेसरची दहा वर्षे वॉरंटी" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. पुष्कळदा ती फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा आकार आणि इतर भाग यांचे पैसे पहिल्या वर्षानंतर आपल्याला भरावे लागतात. हे खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे. दुरुस्तीवाल्याकडून बदललेला जुना भाग परत मागावा आणि कोणता भाग, किती रुपये, मजुरी किती, असे लिहिलेले पक्के बिल घ्यावे. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे काम झाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. मात्र आजकालची दुकानातली बिले बहुधा गुळगुळीत कागदावर निघतात आणि त्यावरची अक्षरे कपाटात पडल्या पडल्या उडून जातात. तेव्हा फ्रीज घरी आला त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढावी, तिच्यावर मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक व सिरियल क्रमांक लिहावा आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी.