सवयींची वही (भाग ६) : हजेरी मांडायची की खाडा?

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब कसा असतो, आठवून बघा. दूध आलं त्या दिवशी चौकटीत कुणी काही लिहीत नाही. आलं नाही तर फुली, पाहुण्यांसाठी जास्त घेतलं तर ‘अर्धा जादा’. दूध रोज येणार हे गृहीतच, म्हणून खाडे तेवढे मांडले की भागतं.

मागच्या भागात आकड्यांच्या नोंदी पाहिल्या, आज चित्रांच्या. पण रंगीत पेनं आणायला धावण्याआधी, खूण नेमकी कशाची करायची ते ठरवायला हवं.

बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःचे खाडे मांडले. त्याने तेरा सद्गुण निवडले आणि छोट्या वहीत प्रत्येकाला एक पान दिलं. पानावर लाल शाईने सात वारांचे सात रकाने आणि तेरा ओळी आखल्या. जो गुण ज्या दिवशी चुकला, त्या घरात काळा ठिपका. दर आठवड्याला एकाच गुणावर खास लक्ष, म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. आपल्यात वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त दोष निघाले, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडली! मग त्याने तक्ते हस्तिदंती पानांवर उतरवले. तिथे पेन्सिलचा ठिपका ओल्या स्पंजने पुसता यायचा. सगळ्यात जास्त छळलं ते व्यवस्थितपणाने.

मुरलेल्या सवयीला ही पद्धत ठीक आहे. पण नुकतंच फिरायला जाऊ लागलेल्या माणसाने खाडेच मांडले, तर पंधरवड्यात वही माळ्यावर जाईल. त्याने हजेरी मांडावी. मात्र ‘साखळी तुटू देऊ नका’ छापाची मोबाइल अ‍ॅप मला पटत नाहीत. चाळीस दिवस नेमाने चाललात, एक दिवस ताप आला, की आकडा पुन्हा शून्यावर. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागताना दिसले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. अधला-मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडतही नव्हतं.

त्यापेक्षा वर्षाचा पट बरा. एका कागदावर बारा रकाने, एकतीस ओळी. थोडं चाललात तर फिकट हिरवा, भरपूर चाललात तर गडद, नाहीच गेलात तर घर कोरं. दोन-तीन महिन्यांनी कागद भिंतीवर लावून जरा लांबून बघा. परीक्षांचा आठवडा, गणपतीचे दहा दिवस, लग्नसराई, सगळं आपोआप उमटलेलं असतं. कोरी घरं एकाच वारी पडत असतील, तर दोष आळसाचा नसून त्या वाराच्या वेळापत्रकाचा असू शकतो.

याहून सुंदर युक्ती चीनमध्ये जुनी आहे. तिथे हिवाळी अयनान्तापासून थंडीचे नऊ नवक, म्हणजे ८१ दिवस मोजतात. त्यासाठी नऊ फुलांची, प्रत्येकी नऊ पाकळ्यांची प्लमची फांदी काढून ठेवायची आणि रोज एक पाकळी रंगवायची. फांदी फुलली की वसंत आला. दुसऱ्या प्रकारात ८१ वर्तुळं असतात. ढगाळ दिवशी वर्तुळाचा वरचा भाग रंगवायचा, ऊन असेल तर खालचा. वाऱ्याला डावा, पावसाला उजवा, बर्फ पडला तर मधला. खूण एकच, पण दिवस सरला हेही कळतं आणि कसा गेला हेही.

हे वर्तुळ आपल्या चालण्यालाही लावता येईल. सकाळी गेलात तर वरचा भाग, संध्याकाळी खालचा. एकट्याने डावा, सोबत असेल तर उजवा. एवढ्यावर थांबा. सहावी-सातवी खूण घुसवलीत, तर चालण्यापेक्षा रंगवण्यातच वेळ जाईल.

पुढच्या भागात रोजच्या तापमानाप्रमाणे लोकरीचा रंग बदलत वर्षभर विणलं जाणारं पांघरूण.