शिवनेरीच्या दरवाज्यावरील शरभ

जर्मनीतील जुन्या शहरांना ढालीच्या आकारात रंगवलेले मानचिन्ह असते आणि ते नगराच्या मोहोरेवर, वेशीवर व निशाणावर पिढ्यान्‌पिढ्या उमटत राहते. बर्लिनची अस्वले १२८० च्या मोहोरेत ब्रांडेनबुर्गच्या राजगरुडाच्या दोन बाजूंना उभी आहेत; म्हणजे मध्यभागी मान धन्याचा, नगराचा त्याच्या आजूबाजूला.

जुन्नर परिसरात या जातीची वस्तू शोधायची, तर सात दरवाजे ओलांडून शिवनेरी चढावा लागतो. या वाटेवर दरवाज्याच्या दगडात कोरलेला शरभ दिसतो. शरभ म्हणजे सिंहाच्या अंगाचा काल्पनिक पशू: डोळे वटारलेले, जबडा उघडा, नखे बाहेर काढलेली आणि शेपूट पाठीवर वळलेले. काही किल्ल्यांवर त्याला पंख असतात, तर जंजिऱ्यासारख्या ठिकाणी त्याने पंजात हत्ती धरलेले असतात. शैव पुराणकथेप्रमाणे नरसिंहाचा अनावर क्रोध शमवण्यासाठी शिवाने हे रूप घेतले. त्यामुळे सिंहालाही भारी पडणारे बळ, हा त्याचा मूळ अर्थ.

मात्र युरोपातील मानचिन्ह एका घराण्याचे वा एका नगराचे असते, तसा शरभ कोणा एकाचा नाही. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही अशा सुलतानांच्या किल्ल्यांवरही तो आढळतो. मलिक अहमदाने १४९० मध्ये निजामशाही उभी केली ती जुन्नरातूनच, आणि शैव कथेतला हा पशू दख्खनच्या मुसलमान सत्तांनाही परका वाटला नाही, ही बाब त्या कथेहून अधिक बोलकी आहे. म्हणूनच शरभ दिसला की दरवाजा अमक्याने बांधला किंवा पंजातले हत्ती म्हणजे अमक्या शाह्या असे ठरवून टाकणे, शिलालेखाचा आधार नसेल तर, केवळ तर्क ठरतो.

शरभाचा सोबती गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, याचे नशीब वेगळे निघाले. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरचा हा पक्षी म्हैसूरच्या वडियार घराण्याचे चिन्ह झाला आणि आज कर्नाटकाच्या राज्यमुद्रेवर आहे. शरभ मात्र दगडातच राहिला. शिवनेरी चढणाऱ्यांनी दरवाज्यात थांबून मान वर करावी, आणि निदान त्याला वाघ तरी म्हणू नये.