एका केंद्रावरची तीन मिनिटं

१३ मे २०२४. बीड लोकसभेच्या मतदान केंद्रात टेबलावर तीन यंत्रं ओळीनं मांडलेली. एका यंत्रावर १६ बटणं, उमेदवार ४१, शिवाय नोटा, म्हणून तीन. म्हाताऱ्या माणसानं पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत बोट फिरवत आपलं चिन्ह शोधायचं.

मतदार होते २१,४२,५४७. मत दिलं १५,१९,५२६ जणांनी, म्हणजे ७०.९२ टक्के. जिंकलेले बजरंग सोनवणे ६,८३,९५०, हरलेल्या पंकजा मुंडे ६,७७,३९७. फरक ६,५५३.

हा फरक किती लहान, ते केंद्रावर उभं राहूनच कळतं. जिल्ह्यात केंद्रं तेवीसशेहून जास्त. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ६६० मिनिटं, आणि केंद्रामागे सरासरी मतं साडेसहाशेच्या आतबाहेर. मिनिटाला जवळजवळ एक मत. ६,५५३ मतं सगळ्या केंद्रांत वाटली तर वाट्याला तीनसुद्धा येत नाहीत. बीडचा खासदार ठरला तो दर केंद्रावरच्या तीन मिनिटांत. एका रिक्षात बसतील एवढी माणसं.

याच मतदारसंघात त्याच्या दहा वर्षं आधी, इथले खासदार गोपीनाथ मुंडे गेल्यानंतरच्या पोटनिवडणुकीत, प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या होत्या. म्हणजे १०६ पट फरकानं.

६,५५३ चा हा आकडा डोक्यात ठेवून आता जिल्ह्यातल्या मुस्लिम समाजाकडे बघू. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५,८५,०४९, त्यात मुस्लिम बारा टक्क्यांच्या आसपास. त्याच प्रमाणात मतदार धरले तर अडीच लाख होतात. जिंकण्या-हरण्यातल्या फरकाच्या ३८ पट! आणि १९५२ पासून पोटनिवडणुकीसह १९ वेळा बीडनं खासदार निवडला. साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना १९६७ मध्ये इथल्याच मतदारांनी दिल्लीला पाठवलं. पण या १९ वेळांत मुस्लिम खासदार एकदाही नाही. २०२४ मध्ये तर महाविकास आघाडीनं राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही, आणि काँग्रेसचे नेते नसीम खान यांनी त्यावरून प्रचारातून अंग काढून घेतलं.

आपला माणूस रिंगणात नसेल तर माणसं घरी बसतात, असा एक समज आहे. त्याला आधारही आहे. अमेरिकेत बोबो आणि गिलियम या अभ्यासकांनी १९९० मध्ये दाखवलं की जिथं महापौर कृष्णवर्णीय, तिथं कृष्णवर्णीय नागरिक राजकारणात जास्त उतरतात. आपल्याकडे आसामचं धुबरी बघा. २०२४ मध्ये दोन्ही प्रमुख उमेदवार मुस्लिम, मतदान ९२ टक्के, रकीबुल हुसेन १०,१२,४७६ मतांनी विजयी. तिथं मतदारयादीतलं नाव नागरिकत्वाच्या पुराव्याला लागतं, हेही त्या रांगेत उभं असतं, ते विसरून चालणार नाही.

बीडच्या मुस्लिमांनी किती टक्के मतदान केलं, याचा सरकारी आकडा मात्र कुठंच नाही. निवडणूक आयोग पुरुष, स्त्रिया, तृतीयपंथी वेगळे मोजतो. धर्म आणि जात मोजत नाही, आणि ते योग्यच आहे. केंद्रनिहाय तक्ता मिळतो, त्यावरून वस्ती ओळखून जो तो अंदाज बांधतो. मला वाटतं, माणूस दोन कारणांनी उन्हात उभा राहतो: कुणाला तरी निवडून आणायला, नाहीतर कुणाला तरी पाडायला. २०२४ ला बीडमध्ये दुसऱ्या कारणाचा जोर होता, मराठा-ओबीसी वादानं गावागावांत तट पडले होते. पण पाडायला दिलेलं मत त्या दिवसापुरतं असतं. रेशन कार्ड अडलं, दाखला अडला, की जायचं कुणाच्या दारात? अडीच लाख मतदारांना उमेदवारीच मिळत नसेल तर हा अन्याय आहे.

प्रतिनिधी असला तरी सगळं भागतं असंही नाही. वंजारी, बंजारा, दलित कुटुंबं मोठ्या संख्येनं इथून ऊसतोडीला जातात. त्यांच्या बाजूनं बोलणारं मोठं नेतृत्व या जिल्ह्यात घडलं. लोकसभेचं मतदान मे महिन्यात, तेव्हा माणसं गावात असतात. विधानसभेचं मात्र २० नोव्हेंबरला होतं, आणि गाळप हंगाम ठरला होता १५ नोव्हेंबरपासून. आगाऊ उचल घेतलेली, मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर दाराशी; मतासाठी थांबणं अवघड.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' लिहितात. मतदारयादीत ती दोन नावं असतात. ६,५५३ इतका लहान फरक पुसायला ३,२७७ कोयते पुरतात. बीडमधून दर हंगामाला लाखांनी माणसं बाहेर पडतात.