एक ‘पान’, किती कुळं!

‘पानं घेतली, चला जेवायला!’ ही हाक येते तेव्हा समोर केळीचं पान असेलच असं नाही. स्टीलचं ताटही ‘पान’च. संस्कृत ‘पर्ण’, प्राकृतात ‘पण्ण’ आणि मराठीत ‘पान’: झाडाचं, पोथीचं, विड्याचं, पंगतीतलं, सगळी पानं याच फांदीवरची. ‘अमृतपाना’तलं पान मात्र निराळं. ते ‘पा’ म्हणजे पिणे या धातूचं. ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगं, आणि त्यातून आपलं पाणी. एकट्या मराठीतच या उच्चाराची दोन कुळं नांदतात.

स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणजे पाव. जपानीतही ‘पान’ म्हणजे पावच! हा योगायोग नव्हे. दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘पानिस’ आहे. त्याचंच पोर्तुगीज रूप नाकात उच्चारलं जाणारं ‘पांव’. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५४३ मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, आणि दोन्हीकडे त्यांच्या मागोमाग हा शब्दही रुजला. इथं त्याचा ‘पाव’ झाला, तिथं ‘पान’. गोव्यात पाव भाजणारा ‘पोदेर’ही याच घराण्यातला. म्हणजे आपल्या विड्याच्या पानाचं जपानी पानाशी काही नातं नाही, पण वडापावातला पाव मात्र त्याचा सख्खा भाऊ! नुसत्या कानावर विसंबून शब्दांची सोयरीक जुळवणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण जरूर ध्यानात ठेवावं.

‘पानिस’चा आणखी एक वंशज आपण रोज उच्चारतो आणि ओळखत नाही. ‘कंपनी’! उत्तरकालीन लॅटिनमधला ‘कोम्पानियो’ म्हणजे ज्याच्यासोबत भाकरी खायची तो सोबती. त्यावरून फ्रेंचमध्ये सोबत्यांच्या जमावाला नाव मिळालं, ते इंग्रजीत गेलं आणि तिथून आपल्याकडे आलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावात भाकरीचा तुकडा दडलेला आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणि एक ‘पान’ तर थेट कोल्हापूरजवळ येऊन राहून गेलं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या भाषेत ‘पान’ म्हणजे साहेब आणि ‘पानी’ म्हणजे बाईसाहेब. हा शब्द स्लाव्ह कुळातला. ‘पर्ण’, ‘पा’ किंवा ‘पानिस’ यांपैकी कुणाशीही त्याचं रक्ताचं नातं नाही.