आपण गव्याच्या पंगतीतले की वाघाच्या?

नवेगाव बांधच्या तलावाकाठी आणि भोवतालच्या जंगलात निसर्गाने आहाराचे सारे प्रकार एकत्र मांडले आहेत. चितळ, सांबर, गवा हे गवत-पाल्यावर जगणारे तृणभक्षी. वाघ-बिबट हे मांसभक्षी. पाणकावळा मुख्यतः मासोळीवर गुजराण करतो. अस्वल मात्र वाळवी, मध, मोहफुले, बोरे, जांभळे असे मिळेल ते खाते. ते मिश्राहारी.

मग माणूस कोणत्या पंगतीत बसतो? उत्तर आहे, अस्वलाच्या! आपले पुढचे दात कापण्यासाठी व दाढा दळण्यासाठी आहेत. गव्यासारखे चार कप्प्यांचे पोट आपल्याला नाही, म्हणून गवत पचत नाही. वाघ 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो. आपल्याला ते आवळा, पेरू, लिंबू, ताज्या भाज्या यांतूनच मिळवावे लागते.

खरी अडचण 'ब-१२' या जीवनसत्त्वाची आहे. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. गाय-गव्याच्या पोटातील सूक्ष्मजंतू ते तयार करतात व जनावराला ते मिळते. आपल्या मोठ्या आतड्यातही असे जंतू असतात. पण 'ब-१२' शोषले जाते ते त्याआधीच्या लहान आतड्यात. त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच घ्यावे लागते.

यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. म्हणून कमतरता हळूहळू, नकळत वाढते. थकवा, जीभ लाल होऊन झोंबणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे. घरातील वडीलधाऱ्यांत ती दिसली की 'वयच झाले' म्हणून सोडून दिले जाते. उपचाराला फार उशीर झाल्यास नसांची हानी पूर्ण भरून येत नाही.

शाकाहार सोडण्याचे मुळीच कारण नाही. मात्र शाकाहारी मंडळींनी रोज दूध, दही किंवा ताक अवश्य घ्यावे. दूध विकून घरच्यांना कोरा चहा, असे करू नये. मासोळी-अंडी खाणाऱ्यांनी ती आठवड्यातून दोन-तीनदा खावी. गर्भवती, साठीपुढील व्यक्ती आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणारे यांनी विशेष जपावे. वरील लक्षणे दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे. गोळ्या वा इंजेक्शनाने ही उणीव भरून काढता येते.