दोन भाऊ, एक खेळ आणि वीस वर्षं
खेळ घडवणारे : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण शेकडो माणसं कामाला जुंपणाऱ्या स्टुडिओंचं गणित पाहिलं. प्रकाशकाकडून उचल घ्यायची, तारीख कबूल करायची, तारीख जवळ आली की रात्रीचा दिवस करायचा आणि खेळ बाजारात गेला की निम्म्या लोकांच्या हाती नारळ द्यायचा. आजचा स्टुडिओ अगदी दुसऱ्या टोकाचा. वर्षानुवर्षं माणसं दोनच, तीही सख्खे भाऊ. प्रकाशक नव्हता, उचल नव्हती, तारीख तर नव्हतीच. स्टुडिओचं नाव 'बे ट्वेल्व्ह गेम्स' आणि खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला.

झॅक ॲडम्स थोरला, टार्न धाकटा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले. वडिलांनीच टार्नला अगदी लहानपणी प्रोग्रामिंगची बाराखडी शिकवली आणि दोघा भावांचं खेळ तयार करणं तेव्हापासूनच सुरू झालं. पुढे झॅकने प्राचीन इतिहासाचा अभ्यास केला. टार्न गणिताकडे वळला, २००५ मध्ये स्टॅनफर्डमधून पीएच.डी. झाला आणि संशोधनासाठी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात गेला. ती नोकरी त्याने वर्षभरात सोडली. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये जोडकाम म्हणून हाती घेतलेला एक खेळ तोवर मुख्य काम होऊन बसला होता. ८ ऑगस्ट २००६ रोजी भावांनी तो इंटरनेटवर ठेवला. फुकट.

तेव्हा पडद्यावर पाहिलं तर हा खेळ आहे हेच कळत नसे. चित्रं नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं. बुटका म्हणजे एक इवलासा हसरा चेहरा, मांजर म्हणजे इंग्रजीतला छोटा 'सी', ड्रॅगन म्हणजे मोठा 'डी'. असंख्य लोक हा पडदा बघूनच माघारी फिरले. पण ही काटकसर विचारपूर्वक होती. चित्रं काढायची तर चित्रकार हवा, त्याला पगार हवा, आणि प्रत्येक नव्या प्राण्यासाठी त्याची वाट पाहणं आलं. इथे नवा प्राणी आणायला एक अक्षर आणि त्याच्या शरीराचं, स्वभावाचं वर्णन पुरे. दोघांचा सगळा वेळ मग एकाच कामात जाऊ शकला : आतलं जग खरं वाटेल असं घडवणं.

ते कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. नवा डाव मांडला की संगणक आधी पृथ्वी तयार करतो. कुठे उंच, कुठे सखल. मग पाऊस, तापमान, जमिनीत पाण्याचा होणारा निचरा. 'इथे दलदल काढ' असा हुकूम कुठेही दिलेला नाही. जिथे पाऊस भरपूर आणि निचरा कमी, तिथे दलदल आपोआप होते. भूगोल झाला की इतिहास. राज्यं उभी राहतात, लढाया होतात, राजे मरतात, शहरं ओस पडतात. शेकडो वर्षांचा हा काळ काही मिनिटांत सरतो आणि त्याची बारीकसारीक नोंद राहते. एवढं झाल्यावर खेळाडूच्या हाती सात बुटके दिले जातात. हिमगौरीच्या गोष्टीत होते तेवढेच. त्यांना घेऊन डोंगर पोखरायचा आणि किल्ला वसवायचा.

या बुटक्यांना खेळाडू थेट हलवू शकत नाही. फक्त कामं सांगू शकतो. कारण प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव, आवडीनिवडी, मैत्री आणि वैर आहे. एखाद्याला अचानक झपाटा येतो. तो एक कारखाना बळकावून बसतो आणि अमुक दगड, तमुक हाड हवं म्हणून अडतो. सगळं मिळालं तर हातून एखादी अजोड कलाकृती घडते; नाही मिळालं तर वेड लागतं. जिंकण्याची सोय या खेळात नाहीच. किल्ला आज ना उद्या पूर, उपासमार, गॉब्लिनांची धाड किंवा आपापसांतल्या मारामारीत बुडतो. हरण्यातच मजा, हे या खेळाचं ब्रीदवाक्य.

भावांची कामाची पद्धत अशी की झॅक आधी एक छोटी गोष्ट लिहितो. मग दोघं ती उसवायला बसतात. ही गोष्ट खेळात आपली आपण घडायची असेल तर काय काय लागेल? गोष्टीतला माणूस सूड घेतो, तर त्याला अपमान लक्षात राहायला हवा. अपमान लक्षात राहायचा तर बुटक्यांना स्मरणशक्ती हवी. अशी यादी होते आणि टार्न ती एकेक करून कोडमध्ये उतरवतो. कोड लिहिणारा वर्षानुवर्षं तो एकटाच. हा कोड पुढे ७ लाख ओळींच्या घरात गेला.

अशा पद्धतीत काय होऊ शकतं, याचा नमुना २०१५ च्या डिसेंबरमधला. खेळात नुकतेच दारूचे गुत्ते आले होते. काही दिवसांत खेळाडूंच्या तक्रारी सुरू झाल्या : गुत्त्यात मांजरं मरून पडताहेत, आजूबाजूला ओकारी. मांजरांना कुणी मारत नव्हतं, आणि मांजरं दारू पितील असं तर कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. टार्नने माग काढला. बुटके पिताना दारू सांडत. जमिनीवरचा ओलेपणा चालणाऱ्याच्या पायांना लागतो, हा जुना नियम. मांजर अंग चाटून साफ करतं, हाही जुना नियम. चाटलेलं पोटात जातं आणि दारूचा अंमल शरीराच्या आकारमानावर ठरतो, हे दोन आणखी नियम. चूक एवढीच की पंजावरचा थेंब चाटला तरी हिशेबात अख्खा पेला धरला जात होता. इवलंसं मांजर, त्याला पेलाभर दारू, ते जाणारच.

चूक दुरुस्त करायला फारसा वेळ लागला नाही. पण ती घडण्यासाठी मांजराचे पंजे ओले होतात आणि ते चाटतं, हे कधीतरी कुणीतरी लिहून ठेवावं लागलं होतं. तारखेला बांधलेल्या स्टुडिओत अशी सूचना पहिल्याच बैठकीत बाद झाली असती, आणि ते योग्यच ठरलं असतं. तिच्यामुळे विक्रीत एका प्रतीचीही भर पडली नसती. इथे मात्र 'हे कशाला?' असं विचारणारा वर कुणी नव्हता.

ही मोकळीक फुकट नव्हती. तिचे पैसे खेळाडू देत होते. खेळ फुकट, पण ज्याला वाटेल त्याने देणगी द्यावी. देणगीदाराला भाऊ रंगीत खडूंनी काढलेलं चित्र किंवा त्याच्यासाठी लिहिलेली छोटीशी गोष्ट पाठवत. देणग्यांवर दोघांचा साधा संसार चालला. मान मिळाला तो मिळकतीच्या मानाने फार मोठा. 'माइनक्राफ्ट'च्या जन्मामागच्या प्रेरणांमध्ये या खेळाचं नाव घेतलं जातं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी पहिले १४ व्हिडिओ गेम निवडले. त्यात 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस' यांच्या पंगतीला हा अक्षरांचा खेळही बसला.

या व्यवस्थेतला कच्चा दुवा दिसला तो आजारपणात. झॅकला त्वचेचा कर्करोग झाला. वेळेवर उपचार झाले, पत्नीच्या नोकरीमुळे त्याला विमा होता, तरी खर्च जाणवलाच. हेच आपल्यावर आलं असतं तर आपण धुऊन निघालो असतो, हे टार्नला कळून चुकलं. देणगीतून महिन्याचा किराणा निघतो, अमेरिकेतलं रुग्णालय परवडत नाही. मार्च २०१९ मध्ये भावांनी जाहीर केलं की कॅनडातल्या माँट्रियलच्या 'किटफॉक्स गेम्स' या छोट्या स्टुडिओच्या साथीने खेळ 'स्टीम' या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवणार. त्यासाठी चित्रं काढून घेतली, संगीत वाढवलं, माऊसने खेळता येईल अशी सोय केली. जुनी अक्षरांची आवृत्ती फुकटच राहिली.

तयारीला पावणेचार वर्षं लागली. ६ डिसेंबर २०२२ रोजी खेळ ३० डॉलरला विक्रीस आला. महिनाभरानंतर भावांनी नेहमीप्रमाणे जमेचा आकडा जाहीर केला. आदल्या महिन्यात तो १५ हजार डॉलरच्या आसपास होता; या वेळी ७२ लाखांच्या वर. सोळा वर्षं जो खेळ फुकट मिळत होता, आणि विक्री सुरू झाली त्या दिवशीही मिळत होता, त्यासाठी लोकांनी हे पैसे मोजले. त्यातले कित्येक जुने खेळाडू होते. त्यांच्या लेखी ही राहिलेली बाकी होती.

पैसा आला म्हणून भावांनी मोठं कार्यालय थाटलं नाही की दुसरा खेळ काढला नाही. कोडमध्ये हातभार लावायला माणूस घेतला आणि यादी पुढे चालू ठेवली. सुरुवातीला मनात धरलेल्या गोष्टींपैकी किती झाल्या, याचा अंदाज त्यांच्या आवृत्तीच्या आकड्यात असतो. विक्रीला आलेली आवृत्ती ५० क्रमांकाची. हा आकडा शेकड्यात, म्हणजे वीस वर्षांत निम्मी मजल.

स्वतंत्र स्टुडिओ म्हटलं की आपण माणसं मोजतो, भांडवल मोजतो. ॲडम्स बंधूंच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न वेगळा : कॅलेंडर कुणाच्या हातात? ते त्यांनी वीस वर्षं स्वतःकडे ठेवलं, त्यासाठी कमी पैशात राहिले, आणि एका आजारपणाने ते हातून जाण्याची वेळही येऊन ठेपली. लहान राहणं हा त्यांचा निर्णय होता. तो त्यांना निभावता आला, कारण घाई करू नका म्हणणारे हजारो खेळाडू पाठीशी होते.

(पुढील लेखांकात : चित्रं, संगीत, कोड आणि कथा असं सगळं एकट्याने करून उभं केलेलं शेत, 'स्टारड्यू व्हॅली'.)